'मंजूर?' आणि 'मंजूर!' यांच्या मधे बोलायचं कसं

प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं म्हणणं थोडक्यात असं आहे. ठाण्याजवळच्या साठेक फ्लॅटच्या सोसायटीत त्या काही वर्षं राहतात. गेल्या वर्षी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगवर साडेअकरा लाख खर्च झाले आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत पुन्हा ओल आली. कोटेशनं किती मागवली, काम कुणाला आणि का दिलं, हे त्यांना सभेत विचारायचं होतं. हिशेबाचा विषय आला, 'मंजूर?' झालं, 'मंजूर' झालं, आणि त्या गप्पच घरी आल्या. आदल्या वर्षी पार्किंगच्या वेळीही असंच झालं होतं. ऑफिसात त्या टीम सांभाळतात, तिथे बोलायला कधी अडत नाही. इथे मात्र घसा कोरडा पडतो, आणि मग रात्रभर न बोललेली वाक्यं डोक्यात फिरत राहतात. त्यात सेक्रेटरीकाका माणूस चांगला. सासूबाईंना अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा गाडी त्यांनीच काढली होती. नवरा म्हणतो, "कशाला वाकड्यात शिरतेस, रोज त्यांचंच तोंड बघायचंय." आणि बाई विचारतात, हे धाडस आणायचं कुठून?

मी गृहनिर्माण संस्थांचं ऑडिट करते, बरीच वर्षं. पुष्कळ ठिकाणी वार्षिक सभेला हिशेबाच्या विषयापुरतं मला बोलावतात आणि टेबलाच्या कडेला एक खुर्ची देतात. तिथून सभासदांचे चेहरे सरळ दिसतात. कमिटीला ते दिसत नाहीत, कारण कमिटी कागदात डोकं घालून बसलेली असते. कोण बोलणार होतं आणि बोललं नाही, हे मला बहुतेक वेळा कळतं. माणूस खुर्चीच्या कडेला सरकतो, चष्मा पुसतो, शेजाऱ्याकडे बघतो आणि पुन्हा मागे टेकतो. मी जे सांगणार आहे ते त्या कडेच्या खुर्चीवरून दिसलेलं आहे. मानसोपचार हा माझा विषय नाही. लग्नकार्यात, बँकेत, शाळेच्या पालकसभेत, सगळीकडेच तुमचा श्वास अडकत असता तर मी तुम्हाला समुपदेशकाकडे जायला सांगितलं असतं. पण तुमचं तसं नाही. तुमची जीभ एकाच ठिकाणी अडते. म्हणजे जिभेकडे बघण्याआधी त्या ठिकाणाकडे बघायला हवं.

माझ्या मते तुमच्या मनात प्रश्न आणि आरोप यांची गाठ बसली आहे. तुम्हाला विचारायचंय, 'कोटेशनं किती आली होती?' पण तुम्हाला वाटतं की हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच लोकांना ऐकू येईल, 'काका, पैसे खाल्लेत का?' आणि त्याच क्षणी तुम्हाला ती गाडी आठवते. उपकार केलेल्या माणसावर चारचौघांत पुराव्याशिवाय आरोप करायला जीभ अडली, तर जिभेचं काही चुकलं नाही. काम आहे ते गाठ सोडवण्याचं. नुसता प्रश्न उरला की त्याला लागणारं धाडस फार थोडं असतं.

दुसरी गोष्ट, आपल्या सभांची घडणच अशी की त्यात गप्प राहणं सर्वांत सोपं. रविवारी सकाळी दहाची वेळ. दहाला सात माणसं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमावलीप्रमाणे, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा. तेवढे जमत नाहीत म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग साडेदहाला अकरा-बारा जणांत सभा सुरू. मागे वेफर्सच्या पुड्या आणि चहाचा थर्मास वाट बघतोय. ताळेबंदाची पानं कुणी उलटलेली नाहीत. खजिनदार भराभर आकडे वाचतात, अध्यक्ष म्हणतात, "कुणाला काही शंका? नाही ना? मग मंजूर?" 'शंका' आणि 'नाही ना' यांच्या मधे मोजून दोन सेकंद जातात. त्या दोन सेकंदांत प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघतो, बाकीचे गप्प दिसतात, आणि सगळ्यांनाच वाटतं की न कळलेले आपण एकटेच. गंमत म्हणजे सभा संपल्यावर पार्किंगमध्ये हीच माणसं पाऊण तास त्याच विषयावर तावातावाने बोलतात. तेव्हा आवाज कुणाचाच अडत नाही.

हे काही आपल्याच सोसायट्यांचं वैशिष्ट्य नाही. १९५१ च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचं. उत्तर इतकं उघड की लहान मूलही चुकणार नाही. पण गटातली एक व्यक्ती सोडून बाकीचे सगळे ॲशने आधी पढवून ठेवलेले. ते ठरवून एकच चुकीचं उत्तर द्यायचे. खरोखर परीक्षेला बसलेली ती एकटी व्यक्ती अशा साधारण एक-तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाच्या मागे गेली. आता आपल्या कामाचं. गटातल्या एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं की हे मागे जाणं एकदम खाली आलं. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही ते बरंच कमी झालं. म्हणजे एक जोडीदार आणि एक कागद. सोसायटीच्या सभांत मला वर्षानुवर्षं तेच दिसत आलंय, फक्त मला रेघा माहीत नव्हत्या.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी एक कोरडा प्रश्न, कारण पुष्कळ बायकांची गाडी इथेच अडते आणि त्यांना वाटतं आपण भित्र्या आहोत. शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव आहे का? दोघांची नावं असतील आणि पहिलं नवऱ्याचं असेल, तर तो हजर नसताना मताचा हक्क दुसऱ्या नावाकडे येतो. नावच नसेल तर तुम्ही उभ्या राहताच कुणीतरी म्हणेल, "वहिनी, सभासद कोण, तुम्ही की साहेब?" आणि तुम्ही खाली बसाल. सभेला नवऱ्याची चिठ्ठी किंवा मुखत्यारपत्र चालत नाही, प्रॉक्सीची सोयच नाही. उपाय साधा आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार सभासदाच्या लेखी शिफारशीने त्याच्या जवळच्या नातेवाइकाला सहयोगी सभासद होता येतं, आणि पत्नी त्यात आहेच. तो अर्ज आत्ताच देऊन ठेवा, सभेच्या आदल्या आठवड्यात नको. आणखी एक, मेंटेनन्सची थकबाकी असेल तर आधी भरून टाका. अडचणीचा प्रश्न आला की पहिलं उत्तर "आधी तुमचे ड्यूज बघा" असं येतं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते अजेंड्यावरच छापावं.

मग कागद. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी यावी लागते. हे चौदा दिवस तुमचे आहेत. बहुतेक लोक नोटीस फ्रिजवर चिकटवतात आणि सोबतचा जमाखर्च तसाच ठेवतात. तो उघडा. तुम्हाला सगळं कळायची गरज नाही. तुमच्या कामाची चार ठिकाणं सांगते. दुरुस्ती खर्चाची ओळ बघा आणि तिच्यासमोरचा आदल्या वर्षीचा आकडा बघा. काम मोठं असेल तर खर्च दुरुस्ती निधीतून गेला की चालू उत्पन्नातून, ते बघा. ऑडिटरचा शेरा वाचा. आम्ही तो लिहितो आणि कुणी वाचत नाही. आणि आधीच्या वर्षीच्या ऑडिटमधल्या दोषांची दुरुस्ती 'ओ' नमुन्यात, म्हणजे दोष-दुरुस्ती अहवालात, दिली होती का, ते विचारा. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघेही ज्याला थोडे दबकून असतात असा हा एकच कागद आहे.

पुष्कळ लोक थेट बिलं आणि व्हाउचर मागतात आणि अडकतात. त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये सभासदाने काय बघायचं याची यादी दिलेली आहे: उपविधी, ऑडिट झालेला ताळेबंद आणि जमाखर्च, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, कमिटीच्या सभांची इतिवृत्तं, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी. हे सगळं ऑफिसात बसून फुकट बघता येतं, शुल्क भरून प्रतीही मिळतात. व्हाउचरांची फाइल त्या यादीत नाही, म्हणून ती मागितली की "नियमात नाही" असं तोंडावर फेकता येतं. पण कमिटीच्या सभेचं इतिवृत्त त्यात आहे, आणि तुमच्या साडेअकरा लाखांचा सगळा उगम तिथे आहे. कोटेशनं ज्या सभेत उघडली, तुलनात्मक तक्ता झाला, ठराव झाला, ती सभा कोणत्या तारखेची, तेवढं शोधा. काम करायला सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली होती का, हेही बघा. कमिटीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करता येतो याची मर्यादा तुमच्या उपविधींत लिहिलेली असते, आणि साठ फ्लॅटच्या सोसायटीत साडेअकरा लाख ही रक्कम त्या मर्यादेत बसेल असं मला वाटत नाही.

इथे मला आलेला अनुभव सांगायला हवा. संशयाने सुरू झालेल्या प्रकरणांच्या फायली मी उघडते तेव्हा बहुतेक वेळा पैसे गेलेले नसतात, कागद गेलेले असतात. तीन कोटेशनं आणली होती, पण एक व्हॉट्सॲपवरच राहिलं. मोजमाप झालं होतं, पण ते कंत्राटदाराच्या वहीत. सेक्रेटरी हा नोकरी किंवा निवृत्ती सांभाळून फुकट काम करणारा माणूस असतो आणि त्याला फाइल लावायचा कंटाळा असतो. काही वेळा खरंच घोळ निघतो, नाही असं नाही. पण तुम्हाला आज यातलं काय आहे ते माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. प्रश्न दोन्ही परिस्थितींत तोच राहतो. हे मनाशी पक्कं झालं की आरोपाचं ओझं उतरतं.

आता पत्र. सभेच्या सातआठ दिवस आधी, दोन-तीन ओळींचं, सेक्रेटरींच्या नावाने: "वार्षिक सभेतील हिशेबाच्या विषयावेळी टेरेस वॉटरप्रूफिंगच्या कामाबाबत पुढील माहिती मिळावी. १) किती कोटेशने आली व त्यांचे दर काय होते. २) एकूण किती चौरस फुटांचे काम झाले. ३) कामाची हमी किती वर्षांची आहे व ती लेखी आहे का." बस. 'संशय', 'गैरव्यवहार', 'आम्हा सभासदांची फसवणूक' यातलं काही नको. मागच्या तक्रारी त्यात जोडू नका, पार्किंग वेगळं. ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पत्राने दोन गोष्टी होतात. उत्तर देणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो, त्यामुळे तो चारचौघांत अडचणीत येऊन तुमच्यावर उलटत नाही. आणि तुमच्या बाजूने बघाल तर प्रश्न विचारून झालेला असतो. सभेत तुम्हाला नवीन काही बोलायचं नसतं, "माझ्या पत्राचं उत्तर मिळावं" इतकंच म्हणायचं असतं.

आणि काकांना आधी सांगा. हे वाचून तुम्ही दचकाल, पण माझा भर सगळ्यात जास्त यावर आहे. जिन्यात भेटले तर सरळ म्हणा, "काका, या वेळी सभेत मी वॉटरप्रूफिंगचं विचारणार आहे, पत्र दिलंय. जोशीवहिनींच्या घरी परत गळतंय ना, म्हणून." तुम्हाला वाटतं त्याहून हे वाक्य जड नाही. ज्या माणसाचं तुमच्यावर ऋण आहे त्याला सभेत अचानक गाठणं हीच खरी कृतघ्नता वाटते, आणि तीच तुम्हाला अडवते आहे. आधी सांगितलंत की ती राहत नाही. कित्येकदा काका तिथेच म्हणतात, "अगं फाइल बघ ना येऊन," आणि अर्धं काम जिन्यातच होतं. तरीही सभेत विचाराच, फक्त मग सूर वेगळा असतो: "काकांनी मला फाइल दाखवली, सगळ्यांना कळावं म्हणून विचारते." अर्थात हे काका तुम्ही म्हणता तसे असतील तर. दमदाटी करणारा, प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी माणसं पाठवणारा सेक्रेटरी असेल तर त्याला आगाऊ काही सांगू नका. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि सभेला एकट्या जाऊ नका.

जोडीदाराचं तर तुमच्याकडे तयारच आहे. ज्या दोन घरांत ओल आली, त्यांच्यापैकी एकाला गाठा. त्यांना भाषण करायला लावू नका. कामं वाटून घ्या: तुम्ही कोटेशनचं विचारायचं, त्यांनी छताचे फोटो दाखवून एवढंच म्हणायचं की हमीत दुरुस्ती कधी होणार. दोन वेगळ्या घरांतून, दोन वेगळ्या कारणांनी एकाच विषयावर प्रश्न आला की "ही बाईच भांडखोर" असं म्हणायची सोय राहत नाही. नवऱ्याला जोडीदार करू नका, तो तुमच्या बाजूने बोलला तरी एकाच घराचा आवाज मोजला जातो.

सभेच्या दिवशी पुढच्या दोन रांगांत बसा. मागून बोललं की आवाज चढवावा लागतो आणि चढलेला आवाज भांडणाचा वाटतो. सुरुवातीलाच, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याच्या विषयाला, काहीतरी निरुपद्रवी बोला. "पान दोनवर तारीख चुकलीय का?" एवढंसुद्धा चालेल. त्या दिवशीचा तुमचा पहिला आवाज महत्त्वाच्या प्रश्नावर खर्च करू नका. खोलीने तुमचा आवाज एकदा ऐकला की दुसऱ्यांदा माना वळत नाहीत. मुख्य प्रश्न हिशेबाच्या विषयालाच विचारा. "ऐन वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने" हे शेवटचं कलम येईपर्यंत थांबलात तर तोवर हिशेब मंजूर झालेला असतो आणि वेफर्स उघडलेले असतात. प्रश्न कागदावरून वाचून दाखवा. वाचण्यात कमीपणा वाटतो, पण आवाज कापत असला तरी कागदावरचं वाक्य पूर्ण होतं, मनातलं अर्ध्यात सुटतं. हात थरथरत असतील तर कागद वहीवर ठेवा.

यानंतर जे येतं त्याची तयारी कुणी करत नाही. प्रश्न विचारणं सोपं असतं, उत्तराऐवजी जे येतं ते झेलता येत नाही, आणि लोक पुढच्या वर्षी गप्प होतात ते त्यामुळे. ठरावीक चार-पाच गोष्टीच येतात. "आम्ही फुकट राबतो, तुम्ही काय करता?" याला उत्तर आहे, "खरंय, तुम्ही राबता म्हणून तर इमारत चाललीय. कोटेशनं किती होती?" मग येतं, "एवढंच असेल तर तुम्हीच या ना कमिटीत!" यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "निवडणुकीच्या वेळी बघू. आज फक्त दर सांगा." (खरं तर जावं कमिटीत, पण तो वेगळा लेख होईल.) "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" हा सगळ्यात धारदार, कारण इथे गाडी आठवते. याला मी पाहिलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. त्या हसून म्हणाल्या, "विश्वास आहे हो, म्हणून तर तुम्हालाच विचारतेय." सभा हसली आणि आकडे वाचले गेले. कुणी म्हणेल, "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नाही." "हो, म्हणूनच विचारते." आणि शेवटचं, विषय भरकटवणं: कुणीतरी ओल्या-सुक्या कचऱ्यावर बोलायला लागतं. शांतपणे थांबा, त्याचं होऊ द्या, आणि म्हणा, "ते झालं. माझा प्रश्न कोटेशनचा राहिलाय."

बघा, या सगळ्या उत्तरांत एकच युक्ती आहे. समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करायचं आणि पुन्हा त्याच प्रश्नावर यायचं. वाद घालायचा नाही, नवीन मुद्दा आणायचा नाही, आवाज चढवायचा नाही. दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा विचारू नका. म्हणा, "ठीक आहे, मी हे विचारलं आणि आज माहिती मिळाली नाही, एवढं इतिवृत्तात नोंदवा." हे वाक्य मात्र पाठ करून जा. सभा या वाक्याने जितकी भानावर येते तितकी कुठल्याच आरडाओरड्याने येत नाही, कारण इतिवृत्त उद्या सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात वाचलं जाऊ शकतं हे टेबलामागच्या प्रत्येकाला माहीत असतं. हिशेब मंजूर करायला तुमचा विरोध असेल तर तोही नावासह नोंदवायला सांगा. नंतर इतिवृत्ताचा मसुदा आला की तुमचं वाक्य त्यात आहे का बघा, नसेल तर मुदतीत लेखी कळवा. सभेत बोललेलं आणि इतिवृत्तात न आलेलं, हे ऑडिटरच्या लेखी न बोललेलंच असतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही लिहू नका. तिथे रात्री अकराला प्रश्नाचा आरोप होतो, साडेअकराला आरोपाचा अपमान, आणि सकाळी दोन्ही बाजूंनी स्क्रीनशॉट. सभेत कापणारा आवाज लोक समजून घेतात, टाइप केलेल्या वाक्याला आवाजच नसतो.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, नोकरी, नवरा पाठीशी, असं असताना बोलणं वेगळं. एकटी राहणारी बाई, घर मिळायलाच मारामार झालेलं कुटुंब, भाडेकरू, यांना गप्प राहण्याची खरीखुरी कारणं असतात, आणि त्यांना "हिंमत करा" असं मी बाहेरून सांगणार नाही. त्यांच्यासाठी पत्राचा मार्ग जास्त आणि सभेचा कमी. विषय पुनर्विकासाचा असेल तर उलट, कुणीच गप्प बसू नये. तिथे एका ठरावाने घर हातातून जातं किंवा येतं; म्हणून तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात त्या सभांच्या चित्रीकरणाची अट आहे. आणि विषय अगदीच किरकोळ असेल, दिवाळीच्या लायटिंगला चार हजार जास्त गेले वगैरे, तर सोडून द्या. दरवर्षी प्रत्येक ओळीवर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं सभा ऐकेनाशी होते. असा एक जण बहुतेक सोसायट्यांत असतोच, आणि त्याचा दहावा मुद्दा खरा असला तरी वाया जातो. तुमचा वॉटरप्रूफिंगचा विषय किरकोळ नाही. एका फ्लॅटच्या वाट्याला त्यात जवळजवळ एकोणीस हजार येतात, आणि छत अजून गळतंय.

राहिलं नवऱ्याचं म्हणणं. तो चूक नाही. रोज तोंड बघायचंय हे खरंच आहे. पत्र दिलं, आधी सांगितलं, नीट विचारलं तरी थोडे दिवस लिफ्टमध्ये गार वाटेल. काकू कदाचित हळदीकुंकवाला बोलावणार नाहीत. मी पाहिलंय त्यात हे साधारण गणपतीपर्यंत किंवा दिवाळीपर्यंत टिकतं, मग वर्गणीसाठी कुणीतरी दार वाजवतं आणि संपतं. आरोप केलेले असतील तर मात्र संपत नाही, वर्षानुवर्षं चालतं. म्हणून सुरुवातीला त्या गाठीबद्दल एवढं बोलले. पुढच्या वेळी सासूबाईंसाठी गाडी लागली तर काका काढतील का? माझा अंदाज आहे की काढतील. नवऱ्याला वाटतं नाही. हे तुम्ही काकांना ओळखता, आम्ही दोघं नाही, तेव्हा तो निर्णय तुमचाच.

सभा सुटल्यावर आणखी एक होणार आहे, त्याचा राग येऊ देऊ नका. तीन-चार जण कोपऱ्यात गाठून हळूच म्हणतील, "बरं झालं तुम्ही विचारलंत, आमच्याही मनात होतं." तुमच्या जिभेवर येईल की मग तेव्हा काय झालं होतं. ते गिळा. त्यांचे फ्लॅट नंबर लिहून ठेवा आणि हमीतल्या दुरुस्तीचं पत्र कंत्राटदाराला जाईल तेव्हा सही घ्यायला पहिल्यांदा त्यांच्याकडे जा.